समुद्राला चुना

मराठीत चुना लावणे म्हणजे फसवणे. हा अर्थ ज्यानं कुणी रूढ केला त्याची आणि माझ्या मायची एकदा गाठ पडायला हवी होती. माझी माय लोकांच्या भिंतींना चुना द्यायची. लग्नाच्या आधी, सणाच्या आधी, जयंतीच्या आधी तिला बोलावणं यायचं, आणि ती घायपाताचा कुंचा, निळीची पुडी आणि एक पोचे आलेलं पातेलं घेऊन निघायची. तिनं दिलेला हात दोन पावसाळे टिकायचा. तिनं कुणाला फसवल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट काम झालं की लोकच भिंतीत खोट काढायचे, आणि ती मुकाट्यानं पुन्हा एक हात मारायची.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला, औंढा तालुक्यात. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली नंतर वेगळा झाला. बाप कालव्यावर पाटकरी होता, म्हणजे कुणाच्या शेतात किती पाणी सोडायचं ते बघणारा. मी सातवीत असताना तो काविळीनं गेला. मागे राहिलो माय, माझा मोठा भाऊ आणि मी. भावाला मी दादा म्हणायचे, अजूनही म्हणते. दादा हुशार होता. घरात एक हुशार पोरगं असलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं, तशी मी बसायचे, पण मनापासून नाही. मी जात्याच तोंडाळ. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, देवानं दोघांची जीभ हिलाच दिली. मी म्हणायचे, आपण बौद्ध आहोत, देवाला कशाला मधे आणता.

दादा रसायनशास्त्रात एम. एस्सी. करायला औरंगाबादला गेला. वस्तीतलं एवढं शिकलेलं पहिलंच पोरगं. एका उन्हाळ्यात तो सुट्टीला आला तो डोक्यात समुद्र घेऊनच. त्याच्या एका सरांनी वर्गात सांगितलं होतं की कोळसा, कारखाने, मोटारी यांच्यातून जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला बराचसा समुद्र पिऊन टाकतो, आणि पिऊन पिऊन त्याचं पाणी आम्लाकडे सरकतंय. मग परदेशात काही जणांनी सुचवलं होतं की समुद्रात चुना टाकावा. चुना अल्कधर्मी. तो आम्लाला मारेल आणि वर हवेतला आणखी वायू पाण्यात ओढून घेईल. एका औषधात दोन दुखणी. हे सांगताना दादा जेवायचा थांबला होता आणि माय त्याच्या ताटातल्या भाकरीवरून माशा हाकलत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला ते करून दाखवलं. मायच्या पातेल्यात रात्रभर चुना तळाला बसला होता, त्याच्यावरचं नितळ पाणी त्यानं काचेच्या ग्लासात काढलं. परसातल्या पपईच्या पानाचा देठ तोडला, तो आतून पोकळ असतो. एक टोक पाण्यात, एक माझ्या तोंडात.

"फुक," तो म्हणाला.

मी फुंकलं. पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं.

"नासलं की," माय म्हणाली.

"थांब माय. फुक तू, थांबू नको."

माझे गाल दुखायला लागले. मी चिडून काही बोलणार होते, पण देठ तोंडात होता. मग ते पांढरं पाणी हळूहळू फिकं होत गेलं आणि पुन्हा नितळ झालं. माय ग्लास उजेडात धरून बघायला लागली.

"पांढरं कुठं गेलं?"

"कुठं न्हाई गेलं. पान्यातच हाय. हिचा श्वास पान्यानं धरून ठेवला, आता सहजी सोडत न्हाई. समिंदरात बी असंच व्हईल."

"म्हंजी समिंदराला चुना द्यायचा?" माय म्हणाली. "कुंचा केवढा लागंल रे?"

ती हसत होती. मला आठवणारं तिचं शेवटचं मोकळं हसू तेच. आम्ही तिघं घरापुढच्या ओट्यावर पोट दुखेपर्यंत हसलो.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या हॉटेलात दादा दिसला की कुणीतरी विचारायचंच, "काय पाव्हनं, समिंदराला चुना लावून राहिले म्हनं?" दादा चिडायचा नाही. एकदा वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं परस्पर उत्तर दिलं, "आजवर सगळ्यायनं आपल्याला लावला, आता आपलं पोरगं समिंदराला लावतंय, तुमाला काहून तकलीफ होऊन राहिली?" त्यावर सगळं हॉटेल हसलं. दादाचं हे वेड गावानं थट्टेनं का होईना, आपलं म्हणून ठेवलं होतं.

गंमत अशी की आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता. पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी धरणाचं. संध्याकाळी दादा मला धरणाच्या भिंतीकडे घेऊन जायचा. म्हणायचा, हे पूर्णेचं पाणी गोदावरीला जातं, गोदावरी समुद्राला. आपला काळा दगड पावसानं इतका हळू विरघळतो की आपल्याला कळत नाही, आणि नदी तो विरघळलेला दगड समुद्रात नेऊन सोडते. समुद्राचं पाणी अल्कधर्मी राहिलंय ते त्याच्यामुळे. आपल्या माठात खाली जो पांढरा थर बसतो तो त्यातलाच. नदी लाखो वर्षं समुद्राला थोडं थोडं औषध देत आलीय, माणूस एकदम घाई करून बसलाय.

मी त्याला गप्प करायची संधी सोडायचे नाही. विचारलं, "आणि चुना करायला चुनखडी भट्टीत भाजतात, तेव्हा तिच्यातून कोणता वायू निघतो? अत्तर?"

तो इतका खूश झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाला, हाच तर प्रश्न आहे. भट्टीत दगडातून जेवढा वायू सुटतो त्याच्या दुपटीच्या आसपास समुद्रात तोच चुना धरून ठेवेल. त्यातून कोळशाचा धूर वजा कर. नफा थोडा आहे, पण आहे. भट्टीचा वायू बाहेर न सोडता कोंडून ठेवता आला तर चांगलाच आहे. हा हिशोब समुद्राजवळ बसून कुणीतरी नीट करायला पाहिजे. "अन् तो मला करायचाय," तो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला दुसरं काहीच नको होतं.

एम. एस्सी. झाल्यावर त्यानं किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत अर्ज केला आणि त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं, जूनमधलं. मायनं वसमतहून शर्टाचं कापड आणलं. शिंप्यानं बाह्या आखूड केल्या म्हणून तिनं त्याच्या दुकानात जाऊन जे ऐकवलं, त्यावरून मला कळलं की माझी जीभ कुठून आली.

एप्रिलात जयंती. जयंतीच्या आधी विहाराला चुना दिला जायचा आणि ते काम माय दरवर्षी स्वतः करायची. तिथं दुसऱ्याचा हात तिला चालायचा नाही. त्या वर्षी विहाराला नवी भिंत घातली होती म्हणून चुनकळी जास्त आणली, आणि ती पाण्यात विरवायला अर्धं कापलेलं डांबराचं पिंप ठेवलं. चुनकळीचे पांढरे खडे त्यात टाकले, मायनं लांबून पाणी ओतलं आणि सगळ्यांना मागं सरकायला लावलं. पिंपात खदखद सुरू झाली, वाफ वर यायला लागली. वस्तीतली लेकरं जमली होती. दादा त्यांना सांगत होता, बघा, खाली विस्तव नाही तरी उकळतंय. खदखद शांत झाल्यावर तो काठी घेऊन ढवळायला पुढे वाकला. एक मोठा खडा आतून कोरडाच राहिला असणार. तो फुटला, आणि उकळता चुना त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेला.

तो "पानी, पानी" म्हणून ओरडला. विहाराच्या दाराशी रांजण होता, पाण्यानं भरलेला. मी तांब्या बुडवून धावले. मायनं माझं मनगट धरलं.

"पानी न्हाई," ती म्हणाली. "पानी घातलं की उसळंल."

तिचा सगळा जन्म चुन्यात गेला होता. कोरड्या चुन्यावर पाणी पडलं की काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते नुकतंच डोळ्यांनी बघितलं होतं. म्हातारी माणसं म्हणाली, बराबर हाय, पानी लावू नका, डोळा शिजंल. मलाही ते खरंच वाटलं. मायनं पदराच्या टोकानं त्याचे डोळे पुसले. कुणीतरी घरातून तुपाची वाटी आणली, तिनं ते तूप त्याच्या डोळ्यांत सोडलं. चार जणांनी त्याचे हात धरले होते कारण तो चोळायला बघत होता. तो पाणी पाणी म्हणतच होता. मग त्याचा आवाज बसला.

जीप मिळायला वेळ लागला. वसमतहून पुढे नांदेड. सगळी वाट मायनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या कपाळावर फुंकर घालत होती.

नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टर बाई होत्या. आत एकालाच सोडत होते, मी गेले. त्यांनी पहिलं विचारलं ते हे, "पाणी किती वेळ घातलं?" मी सांगितलं, पाणी नाही, तूप घातलं. सलाइनची बाटली उलटी टांगून त्यांनी त्याचे डोळे धुवायला घेतले. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की आणखी. धुता धुता त्या मला समजावून सांगत होत्या, की आम्ल डोळा जाळतं पण स्वतःच्याच जळक्या थराला अडतं, अल्क अडत नाही. धुऊन काढेपर्यंत ते आत आत जात राहतं. पहिल्या काही मिनिटांत ओतलेलं पाणी हेच त्याच्यावरचं औषध.

"माहीत आहे मॅडम," दादा म्हणाला. तो शुद्धीवर आहे हे मी विसरले होते.

डॉक्टर बाई दुसरी बाटली आणायला वळल्या तेव्हा त्यानं चाचपडून माझा हात धरला. "मायला सांगू नको. कदीच न्हाई. तिला कळलं तर ती जगनार न्हाई." मी हो म्हटलं. नंतर मायला आत सोडलं तेव्हा तोच आधी बोलला. "माय, तू तूप घातलंस म्हनून एवढं तरी वाचलं. डॉक्टर म्हनल्या." माय भिंतीला डोकं टेकून रडली. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, आणि त्याच्याइतकं चांगलं माणूस मी पाहिलेलं नाही असंही वाटलं होतं. आजही दोन्ही वाटतं.

उजवा डोळा पांढरा झाला. डाव्यातून उजेड आणि सावली एवढंच कळायचं. वर्षभर आम्ही नांदेड, औरंगाबाद करत राहिलो, काही उपयोग झाला नाही. संस्थेला मी कळवलं होतं. त्यांनी मुलाखत पुढे ढकलली, मग कुणी त्याबद्दल बोलेनासं झालं. तो नवा शर्ट त्यानं घरीच वापरून संपवला.

भेटायला येणाऱ्यांचा मला वीट आला होता. येऊन बसायचे, चहा घ्यायचे, त्याच्यादेखत तो नसल्यासारखे बोलायचे. त्याला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं, एवढं साधं कुणाला कळू नये? एक जण दाराबाहेर चपला घालता घालता म्हणाला, "समिंदराला चुना लावाया निघाला व्हता, त्यालाच लागला." मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले, आणि वाटेत जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही. परत आले तर दादा आत हसत होता. कित्येक महिन्यांनी. म्हणाला, "अगं, त्याच्या सात पिढ्या गेल्या त्यात, त्यायनं काय केलं व्हतं?"

मी डी. एड. केलं. वसमतजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा दोघांना घेऊन वसमतला आले. तोवर हिंगोली जिल्हा झाला होता. मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. हळदीच्या दिवसांत घरातल्या कपड्यांनाही हळदीचा वास यायचा. दादानं अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायला सुरुवात केली. समीकरणं तो तोंडानं सांगायचा, मुलं लिहायची, आणि फळ्यावरचा खडू कुठं अडखळला यावरून तो चूक पकडायचा. मुलं यायला लागली, घरात गलका असायचा, आणि मला वाटायचं, चला, निदान एवढं तरी.

मायनं चुन्याचं काम सोडलं होतं. तिला पानाची सवय होती, तीही सुटली. मी विचारलं तर म्हणाली, दात दुखतात. पानातला बोटभर चुनासुद्धा तिनं पुन्हा घरात येऊ दिला नाही. पण त्या दिवसाबद्दल ती कधी बोलायची नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "तूप घातलं म्हनून उजेड तरी राह्यला लेकराला." ती हे म्हणाली की दादा मान हलवायचा, आणि मी उठून स्वयंपाकघरात जायचे.

दादाच्या शिकवणीचा पहिला दिवस दरवर्षी जूनमध्ये. त्या दिवशी मुलं जमली की तो मायला हाक मारायचा. "माय, मोंढ्यातून ओवा आन." पुढच्या वर्षी सुई-दोरा. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. माय कुरकुरायची, घरात ओवा आहे म्हणायची, पण पायात चपला घालून जायची. ती गेली याची खात्री करून घेतल्यावर तो मुलांना पहिला धडा द्यायचा. डोळ्यात आम्ल गेलं, अल्क गेलं, साधा भिंतीचा चुना गेला, तर पाणी. लगेच. कुणी काही म्हणो, घरातली मोठी माणसं नको म्हणोत, पाणी. डोळा उघडा धरायचा आणि डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर ओतत राहायचं. त्या दिवशी त्याचा आवाज कोरडा असायचा. हे शिकवल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं, आणि मायच्या कानावर ते पडू द्यायचं नव्हतं, म्हणून दरवर्षी ओवा.

रविवारी मी त्याला पेपर आणि विज्ञानाची मासिकं वाचून दाखवायचे. समुद्राचं पाणी आम्लाकडे सरकतंय, शिंपल्यांची कवचं पातळ होतायत, पोवळी आजारी आहेत, असं हळूहळू मराठी पेपरातही यायला लागलं. त्यानं ते कितीतरी आधी आमच्या ओट्यावर सांगितलं होतं. वाचता वाचता मी थांबायचे. त्याला जे काम हवं होतं ते आता कुठेतरी दुसरी माणसं करत होती, आणि तो आमच्या खोलीत खाटेवर बसून माझ्याकडून त्याची बातमी ऐकत होता. तो म्हणायचा, "पुढं वाच."

"समिंदर आंबट झाला म्हंजी?" माय विचारायची. "कुनी चाखून पाह्यला?"

"आंबट न्हाई माय. अजून अल्कधर्मीच हाय. पन सरकून राहिला."

एकदा एका मुलीनं वर्गात विचारलं, "मग सर, समुद्रात चुना टाकावा का?" मी बाहेर वह्या तपासत होते, माझा हात थांबला. दादा म्हणाला, टाकावा लागेलही. औषध खोटं नाही. पण चुना टाकताना तो एका जागी पडतो. समुद्र मोठा आहे, तो त्याला पसरवून घेईल, पण पसरेपर्यंत त्या जागी जे कोण जीव असतील त्यांचं काय होईल, हे आधी विचारायचं. किती टाकायचा, किती हळू टाकायचा, दळून की विरघळवून. "मी तरुण असताना नुसता समुद्राचाच विचार करायचो," तो म्हणाला. "समुद्रात कुणी राहतं हे माझ्या हिशोबात नव्हतं." मुलांनी ते लिहून घेतलं. परीक्षेत येणार नव्हतं तरी.

एका वर्षी मी शाळेतून आले तर घरात पेढ्याचा पुडा. शिकवणीतल्या एका मुलाची आई येऊन गेली होती. त्यांच्या घरी रंगकाम चाललं होतं, धाकट्या पोराच्या डोळ्यात चुना उडाला, आणि थोरल्यानं घागरभर पाणी ओतलं. डोळा वाचला होता. सरांनीच शिकवलं होतं म्हणून ती बाई पाया पडायला आली होती, आणि दादा बाहेर गेला असल्यामुळे मायच्याच पाया पडून गेली. हे मला शेजारणीनं जिन्यात सांगितलं. माय भाकरी करत होती. मी विचारलं, पेढे कुणाचे?

"पोराच्या निकालाचे असतील," माय म्हणाली. "घे."

निकालाचे दिवस नव्हते. मी पेढा तोंडात टाकला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. चुलीच्या उजेडात तो रोजच्यासारखाच होता. दादाला मी त्या रात्री सगळं सांगितलं. तो म्हणाला, तिला कळलं नसंल, ती बाई काय बोलली ते तिनं नीट ऐकलंच नसंल. तो हे मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

मग एका वर्षी सहा डिसेंबरला आम्ही दादरला गेलो. आमच्या लोकांसाठी त्या दिवशी दादरला जाणं काय असतं ते सांगायला नको, आणि मायचं ते राहून गेलं होतं. तिचे गुडघे अजून चालतायत तोवर नेऊन आणावं म्हणून आम्ही निघालो. अभिवादनाच्या रांगेत दिवसाचा बराच भाग गेला. बाहेर पडल्यावर समोर वाळू होती, आणि वाळूपलीकडे तो.

दादा माझ्या खांद्याला धरून चालत होता. पायाला ओल लागली तसा तो थांबला. पँट वर दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं, मग दोन बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"रंग कसा हाय?" त्यानं विचारलं.

"मातकट."

"एवढ्या लांब येऊन मातकट?" तो हसला. मी त्याला क्षितिज कुठवर आहे ते सांगितलं, एक जहाज दिसत होतं ते सांगितलं. तो तिकडे तोंड करून उभा राहिला. मला रडू आलं आणि मी ते लपवायची तसदी घेतली नाही. त्याला दिसणार नव्हतं, आणि माय माझ्याकडे बघत नव्हती.

माय पाण्याच्या कडेला, कोरड्या वाळूवर होती. ती पुढे आलीच नव्हती. नुसती बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एवढं पानी," ती म्हणाली. "एवढं पानी हाय जगात. अन् म्या एक तांब्या वतू दिला न्हाई."

मी दादाकडे बघितलं. तो वळला नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाला, "माय, तवा पानी घातलं असतं तर आनखी उसळलं असतं. डॉक्टर तसंच म्हनल्या व्हत्या."

"पोरायला तर तसं शिकवीत न्हाईस."

लाट येऊन आमच्या पायांवरून गेली.

"पयल्या दिवशी मला मोंढ्यात धाडतोस," माय म्हणाली. "मी दाराभायेरच असते. मंग जाते ओवा आनाया."

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"पयल्या सालापासून."

इतकी वर्षं. इतकी वर्षं ती तूप घातलं म्हणून बरं झालं म्हणत होती, आणि तो मान हलवत होता. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस माय?"

"काय बोलू? एवढा जीव लावून खोटं बोलून राहिला व्हता लेकरू. त्याला वाटत व्हतं मला ठावं न्हाई. तेवढंच त्याच्या जिवाला बरं व्हतं." मग ती दादाला म्हणाली, "तू पानी पानी म्हनत व्हतास. ते मला रोज ऐकू येतं."

दादा जिथं उभा होता तिथंच पाण्यात खाली बसला. त्याचे कपडे भिजले. माय चपला काढून पाण्यात आली, त्याच्यासमोर वाकली, आणि त्यानं तोंड वर केलं. तिनं ओंजळ भरली आणि त्याच्या उघड्या डोळ्यांवर घातली. मग पुन्हा भरली. खारं पाणी झोंबत असणार, पण त्यानं मान फिरवली नाही. मी तिला थांब म्हटलं नाही. आमची गाडी रात्रीची होती, आणि अजून उजेड होता.